कॉलेज बेसबॉलमध्ये असिस्टंट कोच व्हायचंय: काम, पगार आणि हेड कोचची निवड

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा न्यू जर्सीत वाढला, डिव्हिजन थ्री, म्हणजे कॉलेज खेळांच्या तिसऱ्या स्तरावरच्या कॉलेजात चार वर्षं कॅचर (बॅटरच्या मागे बसून बॉल पकडणारा) म्हणून खेळला. अर्थशास्त्राची पदवी मे महिन्यात हातात येईल, पण त्याला कॉलेज बेसबॉलमध्ये असिस्टंट कोच व्हायचंय. यात पोट भरतं का, पुढे वाट आहे का, आणि त्याला अडवावं की जाऊ द्यावं, असं तुम्ही विचारलंय. मी याच व्यवसायात आहे. अमेरिकेतल्या दोन वर्षांच्या ज्युनियर कॉलेजपासून सगळ्यात वरच्या डिव्हिजन वनपर्यंतच्या डगआउटमध्ये (मैदानाकडेच्या संघाच्या बाकांवर) बसलोय, बहुतेक काळ कॅचर आणि पिचर (बॅटरला बॉल टाकणारे) यांच्यासोबत. गेली काही वर्षं नवे असिस्टंट निवडायचं कामही माझ्याकडे असतं.

माझं मत स्पष्ट सांगतो. अडवू नका. फक्त एक गोष्ट त्याच्या मनावर बिंबवा: पहिली नोकरी घेताना कॉलेजचं नाव, स्टेडियम, टीव्हीवर दिसणारे सामने यांच्या मागे लागू नकोस, हेड कोच कोण आहे ते बघ. या क्षेत्रात असिस्टंटचं शिकणं, बढती, बदली आणि बेकारी या चारही गोष्टी हेड कोचशी बांधलेल्या असतात. पुढे जे लिहितोय त्यातलं बरंचसं फिरून याच मुद्द्यापाशी येईल.

आधी या क्षेत्राचा आवाका. एनसीएए या कॉलेज खेळांच्या मुख्य संघटनेच्या डिव्हिजन वनमध्ये सुमारे ३०० संघ आहेत. त्याशिवाय डिव्हिजन टू, डिव्हिजन थ्री, एनएआयए (लहान कॉलेजांची वेगळी संघटना) आणि दोन वर्षांची ज्युनियर कॉलेजं. टीव्हीवर दिसतं ते अगदी वरचं टोक: एलएसयू (लुइझियाना स्टेट), टेनेसी, व्हँडरबिल्ट ही विद्यापीठं, भरलेली स्टेडियम, आणि जूनमध्ये नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा शहरात १९५० पासून (२०२० वगळता) दरवर्षी होणारी कॉलेज वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची स्पर्धा. त्या टोकाला एखाद्या नावाजलेल्या असिस्टंटला वर्षाला तीन-चार लाख डॉलर मिळू शकतात. दुसऱ्या टोकाला, म्हणजे तुमचा मुलगा खेळला त्या डिव्हिजन थ्रीमध्ये, असिस्टंट बरेचदा अर्धवेळ असतो. हंगामाचे काही हजार डॉलर घेतो, दिवसा शाळेत शिकवतो किंवा बँकेत बसतो आणि तीन वाजता मैदानावर हजर होतो. या दोघांच्या मध्ये पन्नास प्रकारच्या नोकऱ्या आहेत आणि बहुतेक माणसांचं आयुष्य त्या मधल्या पट्ट्यातच जातं. त्यामुळे ‘असिस्टंट कोचला पगार किती’ या प्रश्नाला एक आकडा सांगणारा माणूस तुमची दिशाभूल करतोय असं समजा.

काही वर्षांपूर्वी हा प्रश्न विचारला असतात तर माझं उत्तर जास्त निराशेचं असतं. डिव्हिजन वनमध्ये कित्येक वर्षं असा नियम होता की हेड कोच, पगारी असिस्टंट दोन, आणि तिसरा ‘व्हॉलंटियर’. हा तिसरा माणूस बाकीच्यांइतकेच तास राबायचा. बॅटिंग प्रॅक्टिसला बॉल टाकायचा, कॅचर घडवायचा, पहिल्या बेसवर कोच म्हणून उभा राहायचा. पगार शून्य, आरोग्यविमा नाही. उन्हाळ्यातले कॅम्प आणि खासगी शिकवण्या यांवर तो जगायचा. कॅम्पसबाहेर जाऊन खेळाडू हेरायची परवानगीही त्याला नव्हती, म्हणजे बढतीसाठी जो अनुभव लागतो नेमका तोच मिळायचा नाही. २०१९ मध्ये त्याला पगारी करण्याचा प्रस्ताव आला आणि मतदानात पडला. मग २०२२ च्या अखेरीस माजी व्हॉलंटियर कोचनी एनसीएएवर खटला भरला. २०२३ च्या जानेवारीत ते पदच रद्द करण्याचा निर्णय झाला आणि जुलैपासून हेड कोच धरून चार पगारी कोच ठेवायला मुभा मिळाली. खटला पुढे सुमारे ४.९ कोटी डॉलरच्या तडजोडीत मिटला. हा बदल चांगलाच झाला. तरी एक लक्षात ठेवा: मुभा मिळाली, सक्ती नाही. लहान कॉलेजांत त्या तिसऱ्या असिस्टंटला जे मिळतं त्याला मानधन म्हणणंच योग्य ठरेल.

आता कामाबद्दल. बाहेरच्यांना वाटतं की कोच म्हणजे खेळ शिकवणारा माणूस. शिकवणं आहेच, पण असिस्टंटची किंमत ठरते ती रिक्रूटिंगवर, म्हणजे पुढच्या वर्षांसाठी खेळाडू शोधून आणण्यावर. अकरावीआधीच्या १ ऑगस्टपर्यंत डिव्हिजन वनच्या कोचने मुलाशी रिक्रूटिंगबद्दल बोलायचं नाही असा नियम २०२३ पासून आहे. (पूर्वी आठवी-नववीतल्या मुलांकडून तोंडी होकार घेतले जायचे. ते थांबलं हे फार बरं झालं.) बोलता येत नाही, पण बघता येतं. म्हणून उन्हाळा जातो जॉर्जियातल्या एमर्सन गावी लेकपॉइंटच्या मैदानांवर, ऑक्टोबरचा एखादा आठवडा फ्लोरिडातल्या ज्युपिटरमध्ये, आणि अधल्यामधल्या वेळी कुठल्यातरी हायस्कूलच्या मैदानामागे घडीच्या खुर्चीवर, एका हातात रडार गन आणि दुसऱ्या हातात स्टॉपवॉच घेऊन.

तुमचा मुलगा कॅचर आहे म्हणून कॅचरचंच उदाहरण देतो. धावपटू दुसरा बेस चोरायला (पिचर बॉल टाकत असताना पळून पुढचा थांबा गाठायला) निघाला की कॅचर बसल्या जागेवरून उठून तिकडे बॉल फेकतो. कॅचरच्या ग्लोव्हमध्ये बॉल वाजला की घड्याळ सुरू करायचं, दुसऱ्या बेसवरच्या ग्लोव्हमध्ये वाजला की बंद. दोन सेकंदांच्या आसपास असेल तर मुलगा कॉलेजात खेळू शकतो. १.९ असेल तर आजूबाजूच्या सगळ्या खुर्च्यांवरची माणसं वहीत काहीतरी लिहायला लागतात. एवढं कुणालाही जमतं, आणि हल्ली हा आकडा मुलाच्या व्हिडिओखालीच लिहिलेला असतो. माझं खरं बघणं त्यानंतर सुरू होतं. पाचवी इनिंग, डोक्यावर जुलैचं ऊन, पिचर दमलाय आणि त्याचे बॉल प्लेटच्या (बॅटरजवळच्या पांढऱ्या पट्टीच्या) आधीच मातीत आदळतायत. बेसवर कुणी धावपटू नाही, म्हणजे बॉल मागे गेला तरी नुकसान काहीच नाही. अशा वेळी हा मुलगा दोन्ही गुडघे टेकून, हनुवटी छातीला लावून बॉल अंगावर घेतो का नुसता ग्लोव्ह आडवा टाकून देतो? आणि घेतला तर पुढच्याही बॉलला घेतो का? मी त्या जागी उभं राहून हे तीन-चार इनिंग पाहतो. ज्याला त्याची गरज नसताना ते करवतं, त्याच्यावर पुढे चार वर्षं पिचर विश्वास ठेवतात. ही नजर कुठल्या अभ्यासक्रमात मिळत नाही. शेजारी बसलेल्या जुन्या कोचला विचारून विचारून ती येते, आणि म्हणून शेजारी कोण बसलंय याला एवढं महत्त्व.

रिक्रूटिंगचं गणित मात्र अलीकडे पार बदललंय, आणि तुमच्या मुलाला ते समजून घ्यावं लागेल. आधी डिव्हिजन वनच्या संघाकडे ११.७ शिष्यवृत्त्या असायच्या आणि त्या जास्तीत जास्त २७ मुलांत वाटाव्या लागायच्या. असिस्टंट रात्री कागदावर चाळीस टक्के, पंचवीस टक्के असे तुकडे पाडत बसायचे. २०२५ च्या जूनमध्ये कॉलेज खेळाडूंनी एनसीएएवर भरलेल्या ‘हाउस’ खटल्यातली तडजोड न्यायालयाने मंजूर केली. त्यानंतर जी कॉलेजं त्या व्यवस्थेत सामील झाली त्यांच्यासाठी शिष्यवृत्त्यांची मर्यादा गेली आणि त्याऐवजी संघात ३४ च खेळाडू ठेवायची मर्यादा आली. श्रीमंत कॉलेज हवं तर सगळ्यांना पूर्ण शिष्यवृत्ती देऊ शकतं, पण पस्तिसाव्या मुलाला जागा नाही. ज्यांना वरून जागा मिळाली नाही ती मुलं एकेक पायरी खाली आली, आणि डिव्हिजन टू, ज्युनियर कॉलेज, डिव्हिजन थ्री सगळीकडे स्पर्धा वाढली.

त्यात ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची ऑनलाइन यादी. २०१८ मध्ये ते सुरू झालं, आणि २०२१ पासून बेसबॉलपटूला कॉलेज बदलताना एक वर्ष बसून राहण्याची अटही राहिली नाही. पिचर पॉल स्कीन्स एअर फोर्स अकॅडमीतून एलएसयूमध्ये आला, २०२३ ची कॉलेज वर्ल्ड सिरीज जिंकली आणि त्याच जुलैमध्ये मेजर लीगच्या (सर्वोच्च व्यावसायिक लीगच्या) पिट्सबर्ग पायरेट्सनी त्याला संपूर्ण ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, पहिला निवडला. असा एक खेळाडू सगळा हंगाम फिरवतो, म्हणून जून महिना आता असिस्टंटच्या फोनला उसंत देत नाही. सोळा वर्षांच्या मुलाच्या घरच्यांशी बोलणं एक, वीस वर्षांच्या मुलाशी बोलणं दुसरं, आणि आपल्याच संघातला चांगला मुलगा दुसरीकडे जाऊ नये म्हणून त्याच्याशी बोलत राहणं तिसरं. हे तिन्ही ज्याला न थकता, खोटं न बोलता जमतं त्याला काम कमी पडत नाही. ‘खोटं न बोलता’ हे मी विचारपूर्वक लिहिलंय. मुलाला ‘पहिल्याच वर्षी खेळशील’ असं सांगून आणायचं आणि मग दोन वर्षं बाकावर बसवायचं, असं करणारे आहेत. हायस्कूलचे कोच हे विसरत नाहीत, आणि पुढच्या दहा वर्षांत त्या शाळेतला एकही चांगला मुलगा तुमचा फोन उचलत नाही.

हंगामातला आठवडा कसा जातो तेही सांगतो. डिव्हिजन वनचा नियमित हंगाम फेब्रुवारीच्या मध्यापासून मे अखेरपर्यंत, ५६ सामन्यांचा. शुक्रवार-शनिवार-रविवार एकाच प्रतिस्पर्ध्याशी तीन सामने, आणि मंगळवारी किंवा बुधवारी मधला एक. बाहेरगावचे सामने असले की रविवारी रात्री उशिरा बस परत येते. सोमवारी मुलांना सुट्टी, असिस्टंटला पुढच्या संघाचे व्हिडिओ. सिनर्जी या व्हिडिओ-सेवेवर प्रत्येक बॅटरच्या खेळ्या काढायच्या, ट्रॅकमॅन या बॉलचा वेग आणि फिरकी मोजणाऱ्या यंत्रणेचे आकडे बघायचे, आणि त्यातून मुलांना डोक्यात ठेवता येईल एवढंच काढून एका पानावर आणायचं. हे एक पान करणं अवघड आहे. तरुण असिस्टंट मला सहा पानं आणून देतात.

त्या पानाचा उपयोग कुठे होतो ते बघा. कॉलेज बेसबॉलमध्ये पिचरने कुठला बॉल टाकायचा हे बहुतेक संघांत डगआउटमधून ठरतं. कॅचरच्या मनगटावर आकड्यांचं बारीक छापलेलं कार्ड असायचं. कोच बाकावरून तीन आकडे ओरडायचा, कॅचर कार्डावर बघायचा: बाहेरच्या कडेला स्लायडर (बाजूला वळणारा बॉल), किंवा आत छातीजवळ फास्टबॉल. आकडे चोरले जाऊ नयेत म्हणून कार्ड बदलायची. आता बऱ्याच संघांत कानात आवाज ऐकू येणारी उपकरणं आलीत, पण निर्णय कोचचाच. एका सामन्यात असे सव्वाशे-दीडशे निर्णय होतात, दोन बॉलमध्ये जेमतेम काही सेकंद. बॅटरने मागच्या बॉलवर पाय कसा टाकला, फाउल झालेला बॉल कुठल्या बाजूला गेला, पिचरचा हात दमल्यामुळे खाली येतोय का, हे सगळं त्या सेकंदांत बघून बोलायचं असतं. चार वर्षं कॅचर म्हणून खेळलेल्या मुलाला इथे इतरांपेक्षा निम्मं शिकावं लागतं. अर्थशास्त्राची पदवी वाया जाईल ही तुमची काळजीही इथेच सोडा. आकडेवारी कशी वाचायची, शंभर आकड्यांतला कुठला खरा आणि कुठला निव्वळ योगायोग, हे ज्याला कळतं आणि जो ते एकोणीस वर्षांच्या पिचरला साध्या भाषेत सांगू शकतो, अशी माणसं आजही कमी आहेत. त्याने पुढचे सहा महिने थोडं प्रोग्रामिंग आणि ट्रॅकमॅनचा डेटा यांवर घालवले तर मुलाखतीत त्याचं नाव बाजूला निघेल.

बाकीची कामं भराभर सांगतो, कारण त्यात गूढ काही नाही. लांब, हलक्या फंगो बॅटने रोज शेकड्यांनी बॉल मारून फील्डरना सराव देणं. जाळीआडून बॅटिंग प्रॅक्टिसला बॉल टाकणं, ज्याने चाळिशीत खांदा बोलायला लागतो. खालच्या स्तरावर मैदानही आपणच सांभाळतो. पिचरच्या उंचवट्यावरची माती ठोकून बसवायची, पाऊस आला की सगळ्यांनी मिळून ताडपत्री ओढायची, सामना संपल्यावर कपडे धुवायला टाकायचे. ज्याला यात कमीपणा वाटतो तो टिकत नाही.

एक विषय मात्र मला सावकाश लिहायचाय, तो म्हणजे मुलांचा हात. जोरात फेकणाऱ्या पिचरच्या कोपराच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध ताणून फाटतो. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरवर पहिल्यांदा त्याची शस्त्रक्रिया केली आणि आज ती त्याच खेळाडूच्या नावाने ओळखली जाते. सावरायला वर्षभर, कधी त्याहून जास्त लागतं. आता मे अखेर डोळ्यांसमोर आणा. ६४ संघांची स्पर्धा, चार-चार संघांचे सोळा गट, दोन पराभव झाले की बाहेर. पहिलाच सामना हरलेल्या संघाला पुढे जायचं तर चार दिवसांत पाच सामने खेळावे लागतात. शुक्रवारी शंभर बॉल टाकलेला मुलगा सोमवारी स्वतःहून येऊन म्हणतो, ‘कोच, मी टाकतो.’ तो वीस वर्षांचा आहे, सगळा संघ त्याच्याकडे बघतोय, आई-वडील स्टँडमध्ये बसलेत. अशा वेळी पिचिंग सांभाळणाऱ्या असिस्टंटला हेड कोचच्या कानात जाऊन ‘नाही’ म्हणता आलं पाहिजे. आणि हेड कोच असा पाहिजे की त्याने ते ऐकलं पाहिजे. जिथे असिस्टंटच्या ‘नाही’ला किंमत नाही अशा बाकावर माझ्या ओळखीच्या कुणी बसावं असं मला वाटत नाही, पगार कितीही असो.

तर, हेड कोच. त्याचं जाणं-येणं असिस्टंटचं घर कसं हलवतं याचं ताजं उदाहरण बघा. २०२४ च्या २४ जूनला ओमाहामध्ये टेक्सस ए अँड एम अंतिम सामना टेनेसीकडून हरलं. दुसऱ्या दिवशी त्यांचे हेड कोच जिम श्लॉसनेगल कट्टर प्रतिस्पर्धी टेक्सस विद्यापीठात गेले. हिटिंग कोच मायकल अर्ली त्यांच्याबरोबर जाणार होते, पण ए अँड एमने त्यांनाच परत बोलावून हेड कोच केलं. पिचिंग कोच मॅक्स वायनर मात्र टेक्ससला गेले. हे सगळं आठवडाभरात झालं. तिथे सगळ्यांना काम मिळालं कारण संघ वरच्या टोकाचा होता. मधल्या पट्ट्यात असं झालं की नवा हेड कोच आपली माणसं आणतो आणि जुने असिस्टंट घरी बसतात. माझी एक नोकरी अशीच गेली. हेड कोचचा करार संपवल्याचं रविवारी कळलं आणि सोमवारी आम्हा सगळ्यांना ऑफिसच्या चाव्या परत द्यायला सांगितलं. हंगाम आमचा वाईट नव्हता. असिस्टंटचे करार बहुधा एकेका वर्षाचे असतात, काही ठिकाणी तेही लेखी नसतात. तेव्हा हे गृहीत धरूनच चालायचं.

पण हाच धागा माणसाला वरही नेतो. टिम कॉर्बिन क्लेमसन विद्यापीठात जॅक लेगेट यांच्या हाताखाली नऊ हंगाम असिस्टंट होते, मग २००२ मध्ये व्हँडरबिल्टचे हेड कोच झाले. क्लेमसनमधलाच तरुण व्हॉलंटियर असिस्टंट एरिक बाकिच त्यांच्याबरोबर व्हँडरबिल्टला गेला. बाकिच पुढे मेरिलँडचा आणि मग मिशिगनचा हेड कोच झाला. २०१९ ची कॉलेज वर्ल्ड सिरीज अंतिम फेरीत कुणामध्ये झाली? कॉर्बिनच्या व्हँडरबिल्ट आणि बाकिचच्या मिशिगनमध्ये. कॉर्बिन जिंकले. बाकिच २०२२ पासून क्लेमसनचा हेड कोच आहे. कॉर्बिनचे पिचिंग कोच डेरेक जॉन्सन मेजर लीगमध्ये गेले. बाकिचचे मिशिगनमधले पिचिंग कोच ख्रिस फेटर यांना २०२० मध्ये डेट्रॉइट टायगर्सनी थेट मेजर लीगचा पिचिंग कोच म्हणून घेतलं. आपल्याकडे गाण्याच्या घराण्यात गुरू कोण हे आधी विचारतात, तसंच इथेही आहे. म्हणून तुमच्या मुलाने मुलाखतीला जाण्याआधी एवढंच शोधावं: या हेड कोचकडे आधी काम केलेले असिस्टंट आज कुठे आहेत? दोघा-तिघांना फोन करून विचारावं की तुम्हाला सराव चालवू दिला का, रिक्रूटिंगला पाठवलं का, नोकरी शोधताना स्वतः फोन केला का. जुने असिस्टंट वर गेलेले दिसले तर पगार कमी असला तरी जावं. सगळे दोन वर्षांत हा व्यवसायच सोडून गेलेले दिसले तर कितीही मोठं नाव असो, जाऊ नये.

वेळ किती लागतो याचीही कल्पना असू द्या. टोनी व्हिटेलो मिसुरी, टीसीयू (टेक्सस ख्रिश्चन) आणि आर्कन्सॉ या तीन ठिकाणी मिळून पंधराएक वर्षं असिस्टंट होते. २०१७ मध्ये टेनेसीचे हेड कोच झाले, २०२४ चं विजेतेपद जिंकले, आणि २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये मेजर लीगच्या सॅन फ्रान्सिस्को जायंट्सनी त्यांना मॅनेजर, म्हणजे मुख्य कोच, नेमलं. व्यावसायिक बेसबॉलमध्ये खेळण्याचा किंवा कोचिंगचा कसलाही अनुभव नसताना कॉलेजातून थेट मेजर लीगच्या संघाचा मॅनेजर होणारे ते पहिलेच. अशी कहाणी सगळ्यांच्या वाट्याला येत नाही, हे सांगायला नको. पण त्यातली पंधरा वर्षं सगळ्यांच्या वाट्याला येतात.

आता पैशाचं स्पष्ट बोलू. पदवीनंतरची सगळ्यात शहाणपणाची पहिली पायरी म्हणजे डिव्हिजन टू किंवा एनएआयए कॉलेजात ग्रॅज्युएट असिस्टंट होणं. मास्टर्सची फी माफ किंवा बरीच कमी होते, वर थोडं विद्यावेतन मिळतं, आणि दोन वर्षांत पदवी अधिक अनुभव असं दोन्ही पदरात पडतं. पुढे हेड कोच व्हायचं तर बऱ्याच कॉलेजांना मास्टर्स लागतं, त्यामुळे ती पदवी शोभेची नाही. दुसरी वाट ज्युनियर कॉलेजची. तिथे राहायला बहुधा वसतिगृहातली खोली मिळते, बदल्यात रात्री मुलांवर लक्ष ठेवायचं. पैसे कमी, पण दोन वर्षांत सगळं करायला मिळतं, आणि ज्युनियर कॉलेजमधून आलेल्या असिस्टंटला कष्टांची सवय असते हे सगळे हेड कोच जाणतात. त्यानंतरची पूर्णवेळ नोकरी, मी पाहिलेल्या मधल्या स्तरावरच्या कॉलेजांत, साधारण चाळीस-पन्नास हजार डॉलरच्या आसपास सुरू होते. उन्हाळी कॅम्पचे पैसे वेगळे. ते कसे वाटले जातात हे आधीच विचारून घ्यायचं, कारण काही ठिकाणी सगळे हेड कोचकडे जातात.

आरोग्यविमा हा मुद्दा तरुण मुलं विचारायलाच विसरतात. तुमचा मुलगा २६ वर्षांचा होईपर्यंत तुमच्या विम्यावर राहू शकतो, म्हणजे तुमच्याकडून त्याला मिळणारी सगळ्यात मोठी मदत तीच आहे. गाडीचा हप्ता डोक्यावर नसेल आणि विम्याची चिंता नसेल तर पहिली तीन-चार वर्षं निभतात. शैक्षणिक कर्ज मोठं असेल तर मात्र आधी हिशेब मांडा. माझा स्वतःचा आडाखा असा: साताठ वर्षांत विम्यासकट पूर्णवेळ पद मिळालं नाही तर वाट बदलावी. बदलायला वाटा आहेत. हायस्कूलमध्ये शिक्षक आणि कोच ही नोकरी स्थिर आहे, आणि कितीतरी उत्तम कोच आनंदाने तिकडे जातात. व्यावसायिक संघांच्या खेळाडू-विकास विभागांना कॉलेजातून आलेली, आकडे समजणारी माणसं हवी असतात. स्काउटिंग आहे, विद्यापीठाच्या क्रीडा विभागातलं प्रशासन आहे.

घराच्या बाजूने काय जातं तेही सांगितलं पाहिजे. फेब्रुवारी ते जून एकही शनिवार-रविवार हाती नसतो. लग्नं, मुंजी, बारशी सगळी उन्हाळ्यातच येतात आणि उन्हाळ्यात आपण जॉर्जियात. गणपतीत शरद ऋतूतला सराव सुरू व्हायच्या बेतात असतो. तिशी संपेपर्यंत चार-पाच गावं बदलतात, आणि जोडीदाराची नोकरी असेल तर प्रत्येक बदलीचा भार दोघांवर पडतो. ज्यांचे संसार नीट चाललेत त्यांनी हे लग्नाआधी मोकळेपणाने बोललेलं आहे, एवढं मी बघितलंय.

तुमचा मुलगा इथला नागरिक आहे म्हणून व्हिसाचा प्रश्न नाही. पुण्या-नागपुराहून कुणी विद्यार्थी व्हिसावर येऊन हे करू पाहत असेल तर त्याने जाणून असावं की पदवीनंतर कामाची एक वर्षाची परवानगी मिळते, त्यापुढे कॉलेजने एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसासाठी अर्ज करायला हवा. विद्यापीठांना वार्षिक कोट्याची अडचण नसते, पण मानधनाच्या पदासाठी एवढा खटाटोप करणारं कॉलेज विरळाच.

आता तो काय करू शकतो. हंगाम चालू असतानाच त्याने कॅचर शिकवतानाचे स्वतःचे दोन-तीन छोटे व्हिडिओ करून ठेवावेत: बसण्याची पद्धत, बॉल अडवणं, दुसऱ्या बेसवर फेकताना पायांची हालचाल. स्वतः खेळतानाचे नकोत, दुसऱ्याला शिकवतानाचे हवेत. प्रतिस्पर्धी संघाचा एक पानी अहवाल नमुन्यादाखल बनवावा. उन्हाळ्यात कॉलेजच्या मुलांच्या ज्या लीग चालतात त्यांतल्या एखाद्या संघाकडे असिस्टंट म्हणून जावं. मॅसॅच्युसेट्समधली केप कॉड लीग सगळ्यांत नावाजलेली आहे, पण तिथे जागा मिळाली नाही तरी लहान लीग पुष्कळ आहेत, आणि तिथे वेगवेगळ्या कॉलेजांच्या मुलांशी व कोचशी ओळखी होतात. नोकऱ्यांची मुख्य उलथापालथ जून ते ऑगस्टमध्ये होते. एक हेड कोच हलला की खाली दहा जागा हलतात, आणि शेवटच्या जागा ऑगस्टमध्ये घाईघाईने भरल्या जातात. तेव्हा जुलैत काही झालं नाही म्हणून त्याने हात टेकू नयेत. जानेवारीत अमेरिकन बेसबॉल कोचेस असोसिएशनचं वार्षिक अधिवेशन असतं. हजारो कोच येतात, दिवसा व्याख्यानं आणि संध्याकाळी हॉटेलच्या लॉबीत मुलाखती. पहिल्या वर्षी जागा मिळो न मिळो, तिथे जाण्याचा खर्च तुम्ही उचललात तर वसूल होईल.

आणि हे सगळं करण्याआधी त्याने स्वतःच्या हेड कोचला आत्ताच, हंगाम संपायच्या आत सांगावं की मला या कामात यायचंय. पुष्कळ मुलं हे जूनमध्ये सांगतात. तोवर कोचने ओळखीच्यांना दुसऱ्याच कुणाचं नाव सुचवलेलं असतं. माझ्याकडे जागा निघते तेव्हा अर्जांचा ढीग मी नंतर उघडतो, आधी दोन-चार विश्वासातल्या कोचना फोन करून विचारतो, ‘तुझ्याकडचा कुणी मुलगा आहे का?’